मनिहारी कक्ष

गोल बाजारात भांड्यांच्या ओळीत मी कुकरची रिंग घेत होते. जुनी रिंग पिशवीतून काढून दुकानदाराच्या हातात दिली होती, तो एकेक नवी तिच्यावर ठेवून पाहत होता, आणि फोन वाजला. प्रमिलाची भाची, निशा. ही पोट्टी घरात मराठी ऐकते, सगळं समजते, पण उत्तर कायम हिंदीत. म्हणाली, "मौसी, बुआ नहीं रहीं." मी विचारलं, "कुठे नाही राहिली?" ... खरंच असं विचारलं मी. दोन दिवसांपासून प्रमिला दवाखान्यात होती, आणि मला वाटलं, नाही राहिली म्हणजे डॉक्टरशी भांडून घरी निघून आली. तिचा स्वभावच तसा. तिकडून निशाच्या रडण्याचा आवाज आला आणि मला 'नहीं रहीं'चा अर्थ लागला. दुकानदारानं स्टूल पुढे केलं, "दीदी, बैठ जाओ." मी बसले नाही. मला संताप आला होता. मला न विचारता, न सांगता, शनिवारी भर सकाळी, मंगळवार तीन दिवसांवर असताना ही बाई गेलीच कशी? सहा आठवडे झाले, तो राग अजून पुरता उतरलेला नाही. म्हणूनच लिहायला बसले आहे. रडवण्यासाठी लिहिलेलं तिला अजिबात आवडायचं नाही, तेव्हा वाचणाऱ्यांनीही रुमाल बाजूला ठेवलेला बरा.

डॉ. प्रमिला मेश्राम आमच्या विद्यापीठात इतिहास शिकवायची, मी दर्शनशास्त्र, म्हणजे तत्त्वज्ञान. तीस वर्षांहून जास्त काळ आम्ही एका इमारतीत शिकवलं, एका डब्यात जेवलो आणि जवळजवळ रोज भांडलो. रायपूर म्हटलं की पुण्याकडचे नातेवाईक अजून विचारतात, "तिकडे मराठी माणसं असतात?" असतात हो, चांगली तीन-तीन पिढ्या असतात. माझे वडील वर्ध्याहून सरकारी कचेरीत कारकून म्हणून आले, तिचे भंडाऱ्याकडून रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर म्हणून. आमच्याकडे गणपती बसायचा, तिच्याकडे बुद्धवंदना व्हायची. बोली मात्र दोघींची एकच, मले-तुले वाली, आणि सगळ्या हिंदी विद्यापीठात आम्ही दोघी एकमेकींशी तीच ठणकावून बोलायचो.

ती नोकरीला लागली त्या आठवड्यातली गोष्ट. स्टाफरूममध्ये एक ज्येष्ठ प्राध्यापक गोड हसून तिला म्हणाले, "बधाई हो. आपको तो मिलना ही था." त्या 'ही'वर किती जोर होता आणि तो कशासाठी होता, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. प्रमिलानं चहाचा कप खाली ठेवला. "जी हाँ, मिलना ही था. मेरिट लिस्ट में पहला नाम था. बाहर बोर्ड पर अभी भी लगी है, चलिए, दिखा दूँ." आणि खरंच उठून दारात जाऊन उभी राहिली, त्यांची वाट बघत. ते काही उठले नाहीत. मी तिथेच बसले होते आणि मी गप्प राहिले. नंतर व्हरांड्यात गाठून तिला म्हटलं, "बरं केलंस हो." तर माझ्यावरच उसळली, "बरं केलं तं तिथं काहून नाही बोलली वं? मूग गिळून बसली होती काय?" आमची मैत्री अशी शिवीगाळीनं सुरू झाली. तेव्हापासून कुठल्याही बैठकीत मी तोंड मिटून बसले की ती बाजूनं हळूच म्हणायची, "मूग." एवढंच. त्यावर मी बोलायचे, किंवा नाही बोलायचे. बहुतेक वेळा नाही.

मंगळवार सुरू झाला तो एका सायकल स्टँडमुळे. भूगोलाचे साहू सर म्हणजे अस्सल छत्तीसगढी माणूस, कमी बोलणारा, होकार द्यायचा असला तर नुसतं 'हव' म्हणणारा. एकदा बँकेच्या रांगेत प्रमिलापुढे ते उभे होते. बोलता बोलता निघालं की दोन वर्षांपासून ते शहरातले बुजत चाललेले तलाव नकाशावर उतरवत आहेत, कुठला कधी भरला गेला, कुठल्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, होता, सगळं. आणि प्रमिला दोन वर्षांपासून जुन्या मालगुजारीच्या, म्हणजे सारावसुलीच्या, कागदांतून त्याच तलावांचा माग काढत होती, कोणी खोदले, कोणी पाणी भरायचं, कोणाला घाटावर येऊ द्यायचे नाहीत. ज्या तलावाचा जुना कागद तिच्याकडे होता, त्याची जागा यांना सापडत नव्हती. ज्याची जागा यांना माहीत होती, त्याचं नाव तिला ठाऊक नव्हतं. रांग सोडून ती तरातरा माझ्याकडे आली. "दोन वर्ष, सुनंदा! दोन वर्ष आम्ही दोघं एकच काम करून राहिलो, अन् दोघांच्या विभागांच्या मधात काय आहे? सायकल स्टँड! ह्याले विद्यापीठ म्हणते काय? धर्मशाळा बरी, तिथं निदान बाजूच्या खाटेवर कोण झोपला हे माहीत असते."

त्याच आठवड्यात तिनं फर्मान काढलं. दर मंगळवारी चार वाजता, कुठल्याही विभागाचा असो, ज्याच्याकडे लिहिलेलं कच्चं पान असेल त्यानं ते घेऊन यायचं. छापलेलं आणायचं नाही, त्यावर फक्त टाळ्या वाजवता येतात असं तिचं म्हणणं. पहिल्याच मंगळवारी तिचा घसा बसला होता, म्हणून तिचं पान मी वाचलं. दोन ठिकाणी वाचताना अडखळले. मी माफी मागायला लागले तर ती डोळे मोठे करून म्हणाली, "थांब, थांब. तू नाही चुकली, मी चुकली. वाक्यच लंगडं आहे." तिथून नियम झाला. आपलं पान आपण वाचायचं नाही, दुसऱ्या विषयाच्या माणसानं वाचायचं, मोठ्यानं. वाचणारा जिथे अडखळेल, तिथे लिहिणारा चुकला. तिथे लाल पेन्सिलीनं खूण. लेखकानं मधे खुलासा करायचा नाही, गुपचूप मुर्रा खायचा. मुर्रा म्हणजे कुरमुरे, शेंगदाणे आणि कांदा घालून ती घरून स्टीलच्या डब्यात आणायची.

सुरुवातीला लोक लाल खुणेला फार घाबरायचे. शिक्षकच ते, दुसऱ्यांच्या कागदावर लाल करायची सवय, स्वतःच्या कागदावर दिसलं की तोंड उतरायचं. तेव्हा ती वडिलांची गोष्ट सांगायची. रेल्वेत बिघडलेल्या वॅगनला 'सिक' म्हणतात. तिचे बाबा अशा वॅगनच्या अंगावर खडूनं खूण करायचे, चाक कुठे घासतं, दार कुठे अडकतं. "लहानपणी मले वाटे, खूण केली म्हणजे डबा भंगारात जाते. बाबा म्हणे, पोट्टे, भंगारात जाणाऱ्या डब्यावर कोणी खडू वाया घालवते काय? ज्याले पुन्हा रुळावर आणाचं असते ना, त्यालेच खूण करते माणूस." माझ्या एका निबंधावर अशा इतक्या खुणा झाल्या की तो नऊ वेळा पुन्हा लिहावा लागला. दहाव्यांदा साहू सरांनी तो न अडखळता वाचला, तेव्हा प्रमिला उठून नाचायचीच बाकी होती. मला जन्मात कुठल्या छापील लेखाचा तेवढा आनंद झाला नाही.

बसायला जागा नव्हती. त्याच सुमारास छत्तीसगढचं वेगळं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं आणि गावात एकही खोली मोकळी राहिना. एका इस्पितळाच्या इमारतीत मंत्रालय आलं, शाळांच्या वर्गांत संचालनालयं बसली, समता कॉलोनीतल्या दवाखान्यांवरचे मजले रातोरात साहेबांच्या बंगल्यांच्या भाड्यानं जाऊ लागले. विद्यापीठातही जो तो कुलपं तपासत फिरायचा. आमच्या इमारतीच्या टोकाला एक खोली होती, मोडकी बाकं आणि जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांनी भरलेली. रीतसर अर्ज करू या, मी म्हटलं. प्रमिला म्हणाली, "आधी झाडू, मग अर्ज. रिकामी खोली कोणी देत नाही, झाडलेली खोली कोणी हिसकत नाही." एका रविवारी तिनं, साहू सरांनी आणि मी पदर खोचून, बाह्या दुमडून ती खोली झाडली. सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून येणारी काळी धूळ खिडकीच्या फळीवर बोटभर साचली होती. सोमवारी खोलीत टेबल होतं आणि मंगळवारी आम्ही. अर्ज बुधवारी गेला. चार महिन्यांनी 'अस्थायी' मंजुरी आली, आणि ती अस्थायी मंजुरी वीस वर्षांहून जास्त टिकली, पक्क्या मंजुरीच्या इमारती गळायला लागल्या तरी.

आता पाटीची गोष्ट, आणि ती माझ्या अक्षराची गोष्ट आहे. माझं अक्षर म्हणजे कोंबडी नाचून गेलेली. पाटीवर 'मानविकी कक्ष' लिहायचं ठरलं, म्हणजे आपल्या मराठीत मानव्यविद्यांची खोली. मी चिठ्ठीवर लिहून दिलं आणि साहू सरांनी ती चिठ्ठी गोल बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका म्हाताऱ्या पेंटरकडे पोहोचवली. त्यानं जन्मभर बांगड्या-टिकल्यांच्या दुकानांच्याच पाट्या रंगवलेल्या. आठ दिवसांनी पाटी आली. निळ्या जमिनीवर पिवळी झोकदार अक्षरं, खाली फुलांची वेल, आणि लिहिलेलं काय? 'मनिहारी कक्ष'. मनिहारी म्हणजे सुया-दोरे, कंगवे, टिकल्या, बटणं, बांगड्या विकणारं दुकान! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. विज्ञानवाले पोट धरधरून हसले. अधिष्ठातांनी पाटीसकट बोलावून सुनावलं की ही विद्यापीठाची नाचक्की आहे, आजच्या आज पाटी बदला. मी 'जी सर, जी सर' करत होते. प्रमिला पाटीकडे बघत राहिली होती, मग एकदम टाळी वाजवली. "राहू द्या. हेच नाव पाहिजे. गेल्या वर्षीच एक साहेब म्हणून गेले ना, के ये सब विषय तो फॅन्सी आयटम है? तं मग लावू द्या दुकान! लागते ते सगळं मिळन." बाहेर येऊन मला कोपर मारलं, "मूग." मी म्हटलं, "अगं पण चूक माझी आहे." "तुह्या जिंदगीतली हीच एक चूक कामाची निघाली, तीबी बदलून टाकतं काय?" पाटी राहिली. पुढे पोरं, पोस्टमन, शिपाई, सगळेच म्हणू लागले, 'मनिहारीत आहेत.'

त्या मनिहारीत काय काय विकलं गेलं! साहू सरांचे नकाशे आणि प्रमिलाचे कागद एकत्र शिवून तलावांचं मोठं काम उभं राहिलं. भाषाविज्ञानाची एक मुलगी त्यांच्याबरोबर पाऱ्या-पाऱ्यात जाऊन म्हाताऱ्या बायांकडून तलावांची जुनी नावं लिहून आणायची, आणि मी त्या नावांवर वाद घालायचे. एका वर्षी बाहेरून तपासणी समिती आली. त्यातल्या एका गृहस्थांनी पाटी वाचली, हसले, आत आले आणि विचारलं, "मॅडम, इस सब की उपयोगिता क्या है?" कुलसचिव दाराशी उभे राहून आम्हाला डोळ्यांनी गप्प राहा म्हणून सांगत होते. प्रमिला उठली. "सर, नई राजधानी बन रही है, बंगला तो बन ही जाएगा. पर कुर्ते का बटन टूटेगा तो सुई कहाँ से लाओगे? क्रेन से टाँकोगे?" मग तिनं भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं. जिथे नवी वसाहत पहिल्याच पावसात गुडघाभर पाण्यात गेली होती, तिथे आमच्या नकाशात एका बुजवलेल्या तलावाचं नाव लिहिलेलं होतं. गृहस्थांनी जवळ जाऊन ते नाव वाचलं, जाताना वाकून नमस्कार केला. कुलसचिव मात्र आठवडाभर आमच्याशी बोलले नाहीत.

निवृत्त झाल्यावरही तिचा मंगळवार चुकला नाही. खोलीची प्रभारी म्हणून कागदोपत्री माझं नाव आलं, किल्ली माझ्याकडे आली. मग तिच्या किडन्या थकल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. नर्सला तिनं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं, मंगळवार सोडून कोणताही वार द्या. हाताला पट्टी बांधलेली, चेहरा सुजलेला, अशी रिक्षातून उतरायची आणि दारातूनच ओरडायची, "आज कोणाचा डबा सिक आहे?" शेवटचे चार-पाच महिने तेही होईना.

आता जे सांगायचं ते सांगायला मला लाज वाटते, पण ते टाळून हा लेख लिहिला तर ती वरून शिवी देईल. ती घरी पडून असताना कुलसचिवांनी मला बोलावलं. हे नवे होते, तरुण, चकचकीत. म्हणाले, नोकरी मिळवून देणाऱ्या नव्या प्लेसमेंट कक्षासाठी तुमची खोली हवी आहे, तसंही आता तिथे कोण येतं? मी म्हटलं, येतात की. ते हसले. "मॅडम, आपके रिटायरमेंट को कितने महीने बचे हैं? पेंशन के कागज़ इसी टेबल से जाएँगे. आप तो समझदार हैं." समोर टाइप केलेला कागद सरकवला. कक्ष रिकामा करण्यास प्रभारी सहमत आहेत. आणि मी सही केली. कोणी हात धरला नव्हता, बंदूक लावली नव्हती. मी दमले होते, मला भांडण नको होतं, आणि माझ्या बाजूला बसून 'मूग' म्हणणारी बाई त्या दिवशी सुया टोचून घेत पडली होती. ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकही पुरेसं नाही.

घरी तिला भेटायला गेले की ती विचारायची, "खोली कशी आहे?" मी म्हणायचे, "आहे ना, जशीच्या तशी." खोटं बोलायला मला फारसं जमत नाही, म्हणून बोलताना तिच्या उशीचा अभ्रा नीट करत राहायचे. शेवटची भेट तिच्या समता कॉलोनीतल्या घरी, दवाखान्यात नेण्याच्या आदल्या दिवशी. खिडकीत निशानं तुळशीसारखं काहीतरी लावलं होतं, प्रमिला त्याच्यावरून तिच्याशी भांडत होती. मी बसले तेव्हा उशाखालून एक बंद पाकीट काढून माझ्या हातात दिलं. "येत्या मंगळवारी वाचजो. सगळ्यांच्या पुढं, मोठ्यानं. इथं उघडू नोको." मला वाटलं तलावांच्या पुस्तकाचं राहिलेलं शेवटचं प्रकरण असेल. म्हटलं, "तूच ये ना मंगळवारी." तर म्हणाली, "बह्याड झाली काय वं? आपलं पान आपण वाचाचं असते काय?" निघताना तिनं माझा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. तिला काहीतरी विचारायचं होतं असं वाटलं... पण तिनं विचारलं नाही, आणि मीही उभ्या उभ्या चपला घातल्या.

शनिवारी दुपारी तिला नेलं. त्रिशरण-पंचशील झालं, वॅगन कारखान्याच्या वसाहतीतली जुनी माणसं पांढऱ्या कपड्यांत आली होती, तिला 'मेश्राम फिटरची पोट्टी' म्हणणारी. स्मशानातून परतताना साहू सर माझ्या बाजूनं चालत होते. मी विचारलं, "मंगळवारी बसायचं का?" मला वाटलं ते म्हणतील, एवढ्यात कसं. ते म्हणाले, "हव."

मंगळवारी चार वाजता मी कुलूप उघडलं. अकरा जण आले. तिच्या खुर्चीवर कोणी बसेना, तेव्हा मीच चिडून तिथे एकाला बसवलं, देवघर करायचं नव्हतं मला. निशानं मुर्र्याचा डबा पाठवला होता. मी पाकीट फोडलं. आत एकच पान, तिच्या हातचं, कचेरीच्या हिंदीत. मी मोठ्यानं वाचायला लागले. "प्रति, कुलसचिव महोदय. विषय, मनिहारी कक्ष." लोक थोडे हसले. मीही हसले, वाटलं जाता जाता बाईनं एक शेवटचा फटाका लावला. "महोदय, उपरोक्त कक्ष के संबंध में मैं, प्रभारी, पूर्व में दी गई अपनी सह..." आणि मी अडखळले. शब्द होता 'सहमति'. पुढचं डोळ्यांना दिसत होतं, तोंडातून निघत नव्हतं. "...अपनी सहमति वापस लेती हूँ. वह सहमति मेरे मन की नहीं थी." खाली माझं नाव, सुनंदा, पूर्ण पदासकट. नावाच्या वर सहीसाठी मोकळी जागा.

तिला माहीत होतं. साहू सर खिडकीबाहेर बघत होते, त्यावरून मला कळलं की तिला कोणी सांगितलं. मी जेव्हा जेव्हा उशीचा अभ्रा नीट करत 'आहे ना, जशीच्या तशी' म्हणत होते, तेव्हा तेव्हा तिला माहीत होतं, आणि तिनं मला एका शब्दानं उघडं पाडलं नाही. पानाच्या तळाशी पेन्सिलीनं, आपल्या मराठीत, तीन वाक्यं होती. तीही मी वाचली, कारण नियम नियम असतो. "सुनंदा, कच्चं आहे. अडखळशील तिथं खूण कर. अन् मूग थुक."

मी रडले, हो. सगळ्यांसमोर, नाक पुसत, शोभेनासं. मग सगळं सांगितलं, कधी सही केली, काहून केली, किती दिवस खोटं बोलले. कोणी धीर दिला नाही, बरं झालं. आमचा नियम असा की वाचणारा अडखळला तर लिहिणारा चुकला. वीस वर्षांत पहिल्यांदा उलटं झालं होतं. लिहिणारीचं वाक्य सरळ होतं, वाचणारीच सिक होती. टेबलावरच्या खोक्यात तिची लाल पेन्सिल पडली होती, दातांच्या खुणा असलेली. 'सहमति' शब्दाखाली मी खूण केली, आणि त्याच पेन्सिलीनं खाली सही केली. माझं अक्षर कोंबडीचं, पण ती सही कोणालाही वाचता आली असती.

कचेरीत कारकून म्हणाला, "मैडम, लाल पेंसिल से साइन नहीं चलता." मी म्हटलं, "चलाइए." पेन्शनच्या कागदांचं म्हणाल तर ते त्या टेबलावर खुशाल अडकोत. माझे वडील आयुष्यभर अशाच टेबलांवर बसले, टेबलं किती दिवस टिकतात ते मला माहीत आहे. पंधरा दिवसांनी, मंगळवारीच, कुलसचिवांच्या कार्यालयातले एक बाबू नोटीस घेऊन आले. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवलेला, उन्हातून आलेले. पोच घ्या, किल्ली द्या म्हणाले. मी म्हटलं, आधी बसा, पाणी प्या. साहू सरांनी मुर्रा पुढे केला. मग मी सांगितलं, या खोलीत कुठलाही कागद दुसऱ्या विभागाच्या माणसानं मोठ्यानं वाचल्याशिवाय घेतला जात नाही. "आपण दुसऱ्या विभागाचे. वाचा." त्यांना वाटलं रीतच असेल, बिचाऱ्यांनी चष्मा खाली ओढला आणि सुरू केलं. "सूचित किया जाता है कि दीर्घकाल से अनु... अनुपयोगी..." इथे ते थांबले. वर बघितलं. खोलीत चौदा माणसं कागद-पेन्सिली घेऊन बसलेली, दोघांना तर जागा नाही म्हणून खिडकीच्या फळीवर. पुन्हा कागदाकडे बघितलं, "...अनुपयोगी पड़े मनिहारी कक्ष..." आणि जीभ चावली. नोटिशीत 'मानविकी' लिहिलं होतं, यांनी पाटीवरचं वाचलं. हसू उसळलं, बाबूही हसले. साहू सर म्हणाले, "हव, सही पढ़े हव."

मी नोटीस हातात घेतली. 'अनुपयोगी'खाली एक लाल खूण केली, 'मानविकी'खाली दुसरी, आणि कोपऱ्यात लिहिलं: वाचणारा दोन ठिकाणी अडखळला, मसुदा कच्चा आहे, दुरुस्त करून आणावा. घडी करून बाबूंना परत दिली. ते दारापर्यंत गेले, पाटी नीट वाचली आणि विचारलं, "मैडम, मैं भी कुछ लिखता हूँ... अपने गाँव के बारे में. ला सकता हूँ क्या?" मी म्हटलं, कच्चं असेल तरच.

ते परत आले, दोनदा. एकदा गावावरचं पान घेऊन, एकदा दुसरी नोटीस घेऊन. दोन्ही आम्ही नियमानं वाचली. किल्ली अजून माझ्या पर्समध्ये आहे आणि मी निवृत्त झाले की ती साहू सरांच्या खिशात जाईल. प्रमिलाची लाल पेन्सिल आता करंगळीएवढी उरली आहे, धरताना बोटं घसरतात. परवा कोणीतरी म्हणालं, आठवण म्हणून जपून ठेवा, ही संपली तर? संपू दे. गोल बाजारात मिळते, मनिहारीच्या दुकानात.